पाचव्या मजल्याचा डायजेस्ट

लोअर परळमधील त्या कार्यालयात प्रत्येक मजल्याच्या स्विचमधून (संगणक व फोन नेटवर्कला जोडणाऱ्या उपकरणातून) दोन अपलिंक, म्हणजे वरच्या जोडण्या, निघून दोन मुख्य स्विचना जोडलेल्या होत्या, पण लूप (डेटा त्याच वर्तुळात फिरत राहणे) टाळण्यासाठी त्यांपैकी एक कायम ब्लॉक राहत असल्याने निम्मी क्षमता वाया जात होती. म्हणून आम्ही एमएसटीपी बसवले. यात नेटवर्कचे व्हीलॅन (एकाच जाळ्यातले वेगळे ठेवलेले आभासी भाग) ‘इन्स्टन्स’ नावाच्या गटांत वाटतात आणि प्रत्येक गट आपला मार्ग वेगळा ठरवतो. कर्मचाऱ्यांचे व्हीलॅन इन्स्टन्स 1 मध्ये आणि फोन व कॅमेऱ्यांचे इन्स्टन्स 2 मध्ये घालून दोन्ही मुख्य स्विचना एकेका इन्स्टन्सचे रूट, म्हणजे मार्गांचे केंद्र, केले.

सोमवारी पाचव्या मजल्यावरून तक्रार आली की, मोठ्या फाइलींची कॉपी सुरू झाली की फोनवरचा आवाज तुटतो. पाहतो तो दोन्ही इन्स्टन्सची वाहतूक एकाच अपलिंकवर होती आणि दोन्ही अपलिंक पोर्ट ‘बाउंडरी’ दाखवत होते. म्हणजे हा स्विच शेजाऱ्यांपासून वेगळ्या रीजनमध्ये (एकसारखी मांडणी असलेल्या स्विचच्या समूहात) पडला होता. रीजनचे नाव तंतोतंत तेच होते (त्यात लहान-मोठ्या अक्षरांचाही फरक धरला जातो), रिव्हिजन (मांडणीची आवृत्ती) क्रमांकही तोच. डायजेस्ट, म्हणजे यादीचा सारांश-आकडा, मात्र निराळा निघाला. कोणता व्हीलॅन कोणत्या इन्स्टन्समध्ये याची पूर्ण यादी स्विच शेजाऱ्याला पाठवत नाही, तिच्यावरून काढलेला 16 बाइटचा डायजेस्ट पाठवतो. त्यामुळे फरक आहे एवढेच कळते, कुठे आहे ते याद्या ओळीओळीने ताडूनच शोधावे लागते. पाचव्या मजल्याच्या यादीतून कॅमेऱ्यांचा व्हीलॅन 40 गळला होता.

“सर, त्या मजल्यावर कॅमेरेच नाहीत, म्हणून मी तो घातला नाही,” असे सहकाऱ्याने सांगितले. ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या जोडणीवर) कोणते व्हीलॅन सोडायचे हे ठरवताना हाच विचार अगदी योग्य ठरला असता. मात्र डायजेस्ट संपूर्ण तक्त्यावरून काढला जातो, मग तो व्हीलॅन त्या स्विचवर असो वा नसो. नोंद नसलेला व्हीलॅन इन्स्टन्स 0 मध्येच राहतो. वेगळ्या रीजनच्या सीमेवर सगळेच गट इन्स्टन्स 0 च्या निर्णयाने चालत असल्याने लूप झाला नाही, आणि म्हणूनच कोणतीही धोक्याची सूचना आली नाही. असा गुपचूप बिघाड मला उघड बिघाडापेक्षा अधिक त्रासदायक वाटतो.

दुरुस्ती एका ओळीची होती, तरी टोपॉलॉजी (जोडण्यांची रचना) बदलणार म्हणून कार्यालय सुटेपर्यंत थांबलो. त्याच वेळी न वापरलेले व्हीलॅनही, अगदी 4094 पर्यंत, दोन्ही इन्स्टन्समध्ये वाटून टाकले. कारण पुढे एखादा नवा व्हीलॅन नोंदवायचा झाल्यास प्रत्येक स्विचचा डायजेस्ट एकामागून एक बदलेल आणि तोवर रीजन तुटलेले राहील.