फुंकरीची वीज

कॉम्प्युटरमधून काढलेला छोटा पंखा हातात आला की त्यावर फुंकर मारल्याशिवाय मला चैन पडत नाही. परवा दुपारी भाची तसलेच पंखे खोक्यात भरून घेऊन आली. शाळेचा प्रकल्प, विषय पवनऊर्जा. "मामा, वीज दिली की हा फिरतो. मग आपण फिरवला की वीज देईल ना?"

तर्कात खोट नव्हती. लाल-काळ्या तारा वीज मोजणाऱ्या मल्टिमीटरला लावल्या आणि फुंकर मारली. पाती भिरभिरली, आकडा मात्र ढिम्म. मीटर बिघडलाय, असं भाचीने जाहीर करून टाकलं.

मीटर धडधाकट होता. या पंख्यांच्या पोटात चुंबक ओळखणारा एक हॉल सेन्सर आणि आयसी नावाची चिमुकली इलेक्ट्रॉनिक चिप बसलेली असते, खिडकीवरच्या कारकुनासारखी. बाहेरून आलेली वीज वेटोळ्यांना आळीपाळीने वाटून देणं एवढंच तिचं काम; आतून बाहेर काही पाठवायचं तिच्या नियमात नाही. म्हणून पंखा उघडावा लागतो. मागचं स्टिकर सोलायचं, दांड्यावरची चीर असलेली प्लास्टिकची चकती नखाने उचकटायची. ती टुणकन उडून कपाटाखाली जाते, जातेच. मग पाती अलगद निघतात. पात्यांच्या वाटीच्या आतल्या कडेला काळ्या चुंबकाची पट्टी, चौकटीत तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. आयसीला वगळून वेटोळ्यांच्या टोकांना तारा सोल्डर केल्या, की झालं जनित्र.

मिळते ती एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज. तिची एकाच दिशेने वाहणारी डीसी करायला पुस्तकं चार डायोडांची जोडणी, म्हणजे ब्रिज, लावायला सांगतात (डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतो), पण साध्या सिलिकॉन डायोडांच्या जोडीत एक-सव्वा व्होल्ट तिथेच जातो, आणि फुंकरीची मिळकत ती केवढी! त्यापेक्षा दोन लाल एलईडी एकमेकांना उलटसुलट जोडून थेट वेटोळ्यावर लावावेत. एलईडी स्वतःच डायोड असतो. एक विझतो तेव्हा दुसरा लागतो. पांढरा घेऊ नये, त्याला तीनेक व्होल्ट लागतात.

खरं तर यापेक्षा कॅसेट प्लेअरची मोटर बरी. तिच्यात फिरत्या वेटोळ्यांशी वीज जोडणारे ब्रश असतात, सेन्सर-बिन्सर नाही. फिरवली की सरळ डीसी. लहानपणी अशा दोन मोटरींच्या तारा एकमेकींना जोडायचो, एकीच्या दांड्याला दोरा गुंडाळून खस्सकन ओढायचो. दुसरी दचकायची. जेमतेम अर्धी गिरकी, पण कोणी हात न लावता! 1873 साली व्हिएन्नाच्या प्रदर्शनात झेनोब ग्राम या संशोधकाच्या डायनामोला दुसऱ्या चालू डायनामोच्या तारा जोडल्या गेल्या आणि तो आपसूक फिरू लागला, हे पुढे वाचलं तेव्हा मला फारसं नवल वाटलं नाही. आमच्या पलंगाखाली ते रोज व्हायचं.

टेबल फॅन मात्र कितीही गरगरवा, काही हाती लागत नाही. नेहमीच्या इंडक्शन मोटरीत चुंबकच नसतं. आणि सगळ्यांत गुणी कोण, तर मोडक्या प्रिंटरमधली ठोकळ्यासारखी, टप्प्याटप्प्याने फिरणारी स्टेपर मोटर: हाताने सावकाश फिरवली तरी दिवा लावते. पण तिला पाती नाहीत, म्हणून मुलं तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पंख्याची पाती तरी कुठे वाऱ्यासाठी केलेली असतात? ती वारा ढकलायला घडवलेली; वाऱ्याने त्यांना ढकलायचं म्हटलं की सगळा बाक उलटा पडतो.

प्रकल्पाच्या वहीत 'उपयोग' असा एक रकाना असतो. माझं त्या रकान्याशी जुनं वैर आहे. भाचीने तिथे 'घराला मोफत वीज' लिहून ठेवलं होतं. मग हिशेब मांडला. 12 सेंटिमीटरचा पंखा, सेकंदाला 5 मीटरचा वारा: त्या वर्तुळातून जाणाऱ्या वाऱ्यात अख्खा एक वॉटही नसतो. त्यातला 59.3 टक्क्यांहून जास्त भाग कुठल्याच पवनचक्कीला काढता येत नाही, ही बेट्झची मर्यादा. आपल्या हाती त्याचीही चिल्लर. वारा दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते, हे ऐकून तिचा चेहरा जरा खुलला.

"मग उपयोग काय लिहू?"

"लिही, दिवा लागतो."

"मामा, याला मार्क मिळत नाहीत."

ते खरंच आहे. सध्या ती कपडे धुण्याच्या मशीनभोवती रेंगाळताना दिसते. काही मशीनच्या मोटरीत चांगली दणदणीत चुंबकं असतात, पण हे मी तिला सांगितलेलं नाही.