शाफ्टसाठी ग्रब स्क्रू निवडताना

पॅकिंग विभागातील कन्व्हेअरची टायमिंग पुली शाफ्टवर वारंवार घसरू लागली, तेव्हा देखभालीची जबाबदारी माझ्याकडे असल्याने तिच्या ग्रब स्क्रूचा, म्हणजे पुली शाफ्टवर आवळून धरणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूचा, विचार मला मुळापासून करावा लागला. २० मिमी व्यासाचा शाफ्ट, त्याला की-वे (पुली आणि शाफ्ट एकत्र फिरवणारी की बसवायची खाच) नाही आणि पुलीत एम-६ मापाचा एकच स्क्रू, अशी रचना होती. स्क्रू आणखी आवळा, असे प्रत्येक जण सांगत होता. पण ३ मिमीच्या अ‍ॅलन कीने तो आवळणार तरी किती, आणि त्याची षटकोनी खाच गोल झाली तर काढणार कसा?

स्क्रू काढून उजेडात धरल्यावर कारण दिसले. दुकानात नुसता ‘ग्रब स्क्रू’ मागितला की बहुधा कप पॉइंट मिळतो. त्याच्या वाटीसारख्या टोकाची धारदार कड शाफ्टमध्ये रुतते आणि पकड मिळते. येथे मात्र ती कडच चेपून चकचकीत झाली होती आणि शाफ्टवर जेमतेम एक पुसट वळ उमटला होता. शाफ्ट इंडक्शन हार्डनिंग केलेला, म्हणजे वरून साधारण ६० एचआरसी (रॉकवेल मापावरील कठीणपणा), तर ४५एच या कठीणपणाच्या वर्गाचा स्क्रू ४५ ते ५३. तो रुतणार कसा?

कोन पॉइंटची (शंकूसारख्या टोकाची) पकड उत्तम असते, पण त्यासाठी शाफ्टवर खळगा पाडावा लागतो आणि पुलीची जागा कायमची ठरून जाते. आम्हाला तर बेल्ट सरळ रेषेत आणण्यासाठी ती थोडी सरकवावी लागते. डॉग पॉइंटलाही (पुढे आलेल्या दंडगोल टोकाला) भोक किंवा खाच हवीच. पितळी टोकाचा स्क्रू शाफ्टला ओरखडा पडू देत नाही, पण तो हलक्या कामापुरताच.

शेवटी शाफ्टवर ९० अंशांच्या अंतराने दोन सपाट पट्टे ग्राइंड करून घेतले, पुलीत त्याच कोनात दुसरे भोक पाडून आटे काढले आणि दोन्हीकडे फ्लॅट पॉइंट (सपाट टोकाचे स्क्रू) बसवले. स्क्रू समोरासमोर लावले तर त्यांचे दाब एकमेकांविरुद्ध जातात. ९० अंशांत दोन्हींचा दाब मिळून शाफ्ट बोअरच्या (पुलीच्या मधल्या भोकाच्या) पलीकडच्या भिंतीवर घट्ट टेकतो. शिवाय स्क्रूमुळे उठणारी बर (धातूची उचललेली कड) पट्ट्याच्या खोलगट भागातच राहते, त्यामुळे पुली काढताना पुलर (पुली ओढून काढायचे साधन) लावावा लागत नाही. आटे तेलमुक्त करून मध्यम ताकदीचे थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारे चिकट द्रव्य) लावले, कारण थरथरीने स्क्रू ढिला होतो.

की-वे काढणे शक्य असेल तेथे मात्र मी फिरवण्याची ताकद ग्रब स्क्रूवर सोपवत नाही. पुली आडवी सरकू नये, एवढ्यापुरताच तो ठेवतो.