चमचाभर काळा रस

जॉर्जटाउन, पेनांग, मलेशिया. रात्र.

आज दुपारी आसाम लाक्सा, म्हणजे माशाच्या आंबट रश्शातल्या शेवया, खाल्ला आणि तेव्हापासून मन ठिकाणावर नाही. गोष्ट अगदी लहान आहे. पत्र्याच्या आडोशाला गाडी लावून बसलेल्या त्या वृद्ध बाईंनी वाडगे भरण्याआधी माझ्याकडे पाहिले आणि "फिश, कॅन?" एवढेच विचारले. मनूला विचारले नाही, शेजारच्या बाकावर कोणाला विचारले नाही. फक्त मला विचारले.

बांगड्यावर वाढलेल्या बाईला हा प्रश्न! इथे ज्याला केम्बुंग म्हणतात तो मासा म्हणजे आपला बांगडाच. तो उकडून, काटे काढून, कुस्करून रश्शात सोडतात. या रश्शात नारळाचे दूध नसते. आंबटपणा येतो तो चिंचेचा आणि आसाम केपिंग नावाच्या वाळवलेल्या चकत्यांचा, आणि त्या चकत्यांचे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातले आहे. तांदळाच्या जाड, गुळगुळीत शेवया, वर काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि आल्याच्या जातीतल्या एका गुलाबी फुलाच्या कळीचे बारीक काप. बांगड्याच्या कालवणात तिरफळ जे काम करते, तेच ही कळी इथे करत असावी, असे मला खाताना वाटले. ह्यांना फार आवडले असते. असो.

इतके ओळखीचे असूनही घास गोड लागेना, कारण तो प्रश्न घशाशी अडकला होता. गेल्या पावसाळ्यापासून मला प्रत्येक जण हेच विचारतो. जिना झेपेल ना, बँकेचे काम झेपेल ना, एवढा प्रवास झेपेल ना. समुद्रापलीकडच्या एका अनोळखी बाईलाही माझ्या चेहऱ्यावर तेच दिसावे, याचे मला वाईट वाटले, आणि अजूनही वाटते आहे.

वाडग्यासोबत एका चमच्यात 'हे को' नावाचा कोळंबीचा काळा, घट्ट, गोडसर रस दिला होता. सगळे तो रश्शात कालवून खात होते. मी टोकाने चाखला आणि त्या उग्र वासाने मागे सरले. वाडगे संपवले, चमचा तसाच राहिला. तो उचलताना बाईंनी एकवार पाहिले, आणि काही न बोलता माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला.

आता लिहिताना आठवते, घाटावरचे पाहुणे आले की मीही ताट वाढण्याआधी "मासे चालतात ना?" असे विचारत असे. त्यांना कमी लेखावे, हे माझ्या मनातही नसे. तरीही बाईंच्या शब्दांत मी तेच का ऐकले, ते कळते, आणि कळूनही पुरते उतरत नाही.

आत्ताच मनू विचारून गेली, उद्या विमानतळावर सामान झेपेल ना. मी जड पिशवी तिच्या हातात दिली.