टोच्या मुठीपर्यंत गेला

इंदूरच्या रामबागेतलं जुनं घर. काकू एकट्याच राहतात. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत पाडून एकच मोठी खोली करायची, असं पुण्याच्या मुलाच्या मनात होतं. नऊ इंची भिंत, चुन्यात बांधलेली, वर लाकडी मजला. ती नुसती आडभिंत आहे, वरचा भार घेत नाही, असं मीही पाहणीच्या वेळी धरून चाललो होतो.

सकाळी माझा कारागीर भिंत फोडायचं ब्रेकर मशीन घेऊन हजर. "भैया, दोपहर तक साफ!" मी मशीन पायरीवरच ठेवायला लावलं. चुना विटेपेक्षा मऊ असतो. सांध्यात छिन्नी तिरकी धरून वरच्या थरापासून सुरुवात केली तर वीट अख्खी निघते आणि पुन्हा वापरता येते. शिवाय घराची बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे. ब्रेकरचा हादरा तिकडे गेला तर त्यांच्या गिलाव्याला तडे जायचे.

मेन स्विच बंद केला, भिंतीतल्या बटणांना टेस्टर लावून पाहिला. मग छिन्न्या तपासल्या. एकीचं डोकं ठोकून ठोकून फुललं होतं, कडा फुलासारख्या बाहेर वळलेल्या. अशा कडेचा तुकडा उडाला तर थेट डोळ्यात जातो. ती ग्राइंडरवर घासून घेईपर्यंत मी कामाला हात लावू दिला नाही. सियागंजात नवी छिन्नी फार महाग मिळत नाही, डोळा मात्र मिळत नाही. चष्मा सगळ्यांनी लावायचा, हे माझ्याकडे ठरलेलंच आहे.

एक किलोच्या हातोड्यानं भिंत हलके ठोकत गेलो. आवाज सगळीकडे टणक, मधल्या दोन वितींत मात्र भद्द. तिथला गिलावा काढला तर आत सागवानी खांब! छातीच्या उंचीवर अणकुचीदार टोच्या दाबला, घुसेना. खाली जमिनीपासून वीतभर अंतरावर दाबला, तर मुठीपर्यंत गेला. वाळवीनं बुंधा पोकळ केला होता. वरची तुळई याच खांबावर बसलेली, आणि बुंधा खचत गेला तसा तिचा भार भोवतालच्या विटांनी उचललेला. आम्ही पाडायला आलो होतो ती भिंतच मजला तोलून होती. माझ्या हाताला घाम फुटला.

"काकू, वरच्या खोलीत काय आहे?"

"माझं लोखंडी कपाट आहे रे, आणि पितळेची भांडी."

आधी ते सगळं उतरवलं. सेंटरिंगवाल्याकडून चार लोखंडी टेकू आणले आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना, मजल्याच्या आडव्या लाकडी कड्यांखाली उभे केले. टेकूखाली जाड फळी, वरही फळी, म्हणजे भार एका ठिकाणी रुतत नाही. फळी कडीला टेकली की अर्धा आटा फिरवायचा आणि थांबायचं. जोरात आवळलं तर मजला वर उचलला जातो आणि तडा वाढतो. जुन्या तड्यांवर प्लॅस्टरच्या पातळ पट्ट्या लिंपल्या. मजला हलला तर पट्टी आधी तुटते.

मुलाला फोन केला. आधी स्ट्रक्चरल इंजिनियर येऊन बघेल, तोवर एक वीटही काढणार नाही, असं सांगितलं. त्याला ते रुचलं नाही. काकूंनी फोन हातात घेतला: "तो म्हणतोय तसंच होऊ दे."

दुसऱ्या दिवशी सातला पोचलो, तेव्हा काकू टॉर्च घेऊन भिंतीपाशीच उभ्या होत्या. पट्ट्या अखंड होत्या.