पॉइंटांवर दिल्ली

मालवणजवळ आमचं छोटं न्याहरी-निवास आहे. तीन खोल्या, पुढे खळं, मागे माड. चादरी, किराणा, पाण्याचा पंप, सगळी खरेदी मी क्रेडिट कार्डावर करते आणि पूर्ण बिल ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप जातं. थोडं जरी थकवलं तरी महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, मग खरेदीवर बँक देते ते पॉइंट कसले नि काय!

मे महिन्यात बँकेचा मेसेज आला : 18,400 पॉइंट, त्यातले बरेचसे ऑगस्टअखेर बाद होणार. मी पॉइंटांवर मिळणाऱ्या वस्तूंचा कॅटलॉग उघडला. पहिलाच मिक्सर. धनी म्हणाले, "कशाक व्हयो तो? घरात आसा मां एक." मी हिशोब मांडला. तोच मिक्सर बाजारात केवढ्याला मिळतो ते पाहून पॉइंटांनी भागलं, तर एका पॉइंटचे जेमतेम 25 पैसे. तीन वर्षांच्या खरेदीचे साडेचार हजार!

लेक दिल्लीला असते, नुकतीच बाळंत झालेली. तिने सुचवलं, पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात वळव. आमच्या कार्डावर दोन पॉइंटांचा एक माइल, म्हणजे तिकिटासाठी चालणारा विमान कंपनीचा पॉइंट. पण एकदा वळवले की परत येत नाहीत, म्हणून आधी जागा आहे का ते बघायचं. मे आणि डिसेंबरात गोव्याकडे जाणाऱ्यांची झुंबड असते, त्या दिवसांत माइलांवरची जागा मला एकही दिसली नाही. जुलै मात्र मोकळा. पावसात आमचे पाहुणे बंद, समुद्रातलं स्कूबाही बंद, म्हणजे मीही मोकळी. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून दिल्ली, 8 जुलै : 8,500 माइल आणि वर 1,100 रुपये कर. तेच तिकीट रोखीने 7,800 ला होतं.

म्हणजे 17,000 पॉइंटांचे 6,700 रुपये. पॉइंटमागे 39 पैसे. शिवाय बँकेची फी 99 आणि जीएसटी धरून 117 रुपये. तरी मिक्सरपेक्षा बरं.

आता खरी गंमत. वळवण्याचा ओटीपी यायचा तो माझ्या मोबाईलवर, आणि त्या दिवशी सकाळपासून लाईट गेलेली, टॉवर झोपलेला. छत्री घेऊन वरच्या काजूच्या बागेत गेले, तिथे एक-दोन कांड्या रेंज येते. पहिला ओटीपी आला तेव्हा पेजची वेळ संपली होती. दुसऱ्याला चष्म्यावर पाणी. तिसऱ्याला जमलं.

आणि चार दिवसांनी निरोप : नाव जुळत नाही, अर्ज अडकला. कार्डावर माझं नाव, मधे धन्यांचं, मग आडनाव. विमानाच्या खात्यात मी घाईघाईत नुसतं पहिलं नाव आणि आडनाव टाकलेलं. चूक माझीच, पण हे आधी सांगायला काय जात होतं? हेल्पलाइनवर तीनदा तेच गाणं ऐकलं, आधारकार्डाचा फोटो पाठवला, खात्यावरचं नाव बदलून घेतलं. माइल जमा झाले तेव्हा 8 तारखेची जागा गेलेली. 11 ची मिळाली, माइल तेवढेच लागले म्हणून सुटले.

तुम्हीही करणार असाल तर विमानाचं खातं महिनाभर आधी, आधारवर आहे त्याच नावाने उघडून ठेवा. आणि पेट्रोलवर पॉइंट मिळतात असं धरून बसू नका. आमच्या कार्डावर नाही मिळत. मला ते दोन वर्षांनी कळलं.

मोपाला बॅगेचं वजन केलं तर कोकमाच्या आगळाच्या बाटल्यांपायी दोन किलो जास्त भरलं. त्याचे पैसे रोख. तिथे पॉइंट चालत नाहीत, विचारून पाहिलं.

उरलेत 1,400. धनी आता कॅटलॉगमधली बॅटरी बघतायत, साडेतीनशेची. फी 117, हे अजून सांगितलेलं नाही.