हार्डबॅट लॉग, चौथा महिना: सातोची बॅट घरी बनवली

मंडळी, चौथा महिना संपला. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, टेबल टेनिसची (टीटी) नेहमीची बॅट कपाटात ठेवलीये आणि फक्त हार्डबॅटने खेळतोय, म्हणजे पिंपल (रबरावरचे बारीक उंचवटे) बाहेर असलेलं रबर आणि खाली स्पंज अजिबात नाही, १९३० आणि ४० च्या दशकात सगळं जग जसं खेळायचं तसं. टीटीचा इतिहास वाचून वाचून पाठ झाला होता पण हाताला काहीच माहीत नव्हतं, आणि मला तो हाताने कळून घ्यायचा होता, म्हणून हा सगळा खटाटोप. शीर्षकातला सातो म्हणजे १९५२ चा जपानी वर्ल्ड चॅम्पियन, त्याच्याकडे पुढे येतोच.

आधी प्रगती. फोरहँड काउंटर (जोरात आलेला बॉल तसाच जोरात परत मारणं) पहिल्या महिन्यात सलग २२ च्या पुढे जात नव्हता, परवा मंगळवारी १४३ झाले. बॅकहँड अजून ७० च्या आसपास अडकलाय. चॉप (बॉल खालून कापून उलटी स्पिन देणं) आता टेबलपासून सहा-सात फूट मागून बऱ्यापैकी खाली राहतो, पण सलग चार-पाच चॉप झाले की पाचवा हमखास उंच उडतो कारण गुडघे वाकवायचे राहतात आणि नुसता हात चालतो. ब्लॉकची सवय बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागला. स्पंजवर नुसती बॅट धरली तरी बॉल परत जातो, इथे नुसती धरली की बॉल नेटच्या अलीकडेच मरतो, इथे प्रत्येक बॉलला आपण स्वतः ढकलावं लागतं, पाव इंच का होईना पण पुढे. हे एकदा अंगात भिनलं की मग मजा येते, समोरच्याची स्पिन आपल्या रबरला फारशी चिकटत नाही, त्यामुळे ज्या सर्व्हिसला मी दोन वर्षं घाबरत होतो त्या आता सरळ फ्लॅट मारून परत करतोय.

पण या महिन्यातली खरी गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे आवाज. हार्डबॅटचा आवाज कोरडा आणि मोठा असतो, टॉक, टॉक, आणि दोन-अडीच महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मी समोरच्याचा बॉल बघायच्या आधी ऐकतोय. त्याने जोरात मारला की आवाज टणक येतो, चॉप केला की घासल्यासारखा आणि बारीक येतो, आणि माझे पाय त्या आवाजावर हलायला लागतात. हे मला कोणी शिकवलं नाही, आपोआप झालं.

या खेळाचं नावच आवाजावरून पडलंय ना. इंग्लंडमध्ये १८९० च्या दशकात लोक घरातल्या जेवणाच्या टेबलावर खेळायचे, बॅट म्हणजे लांब दांड्याची, लाकडी चौकटीवर चामडं ताणलेली, जवळजवळ आपली छोटी डफली. १९०० च्या सुमारास सेल्युलॉइडचा बॉल आला आणि त्या चामड्यावर तो पिंग वाजायचा, टेबलावर पाँग. जॅक्स कंपनीने १९०१ मध्ये पिंगपाँग हे नावच ट्रेडमार्क करून टाकलं, म्हणून बाकीच्यांना टेबल टेनिस म्हणावं लागलं. मग १९०२ च्या आसपास पिंपलचं रबर आलं, काही वर्षं सगळी हौस थंड पडली, १९२० च्या दशकात परत उठली आणि १९२६ मध्ये लंडनला पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली. त्या पहिल्या स्पर्धेत भारताची टीम होती हे आपल्यातल्या कितीतरी जणांना माहीत नसतं, आणि मला ते दर वेळी सांगावंसं वाटतं.

त्यानंतर हार्डबॅटचाच जमाना. हंगेरीचा व्हिक्टर बार्ना, पाच वेळा सिंगल्सचा वर्ल्ड चॅम्पियन, १९३० आणि मग १९३२ ते ३५ सलग. आणि १९३६ ची प्रागची ती मॅच, पोलंडचा एर्लिख आणि रोमानियाचा पानेथ, पहिलाच पॉइंट दोन तासांहून जास्त चालला, दोघंही फक्त ढकलत बसले, कोणी चूक करायला तयार नाही. आधी मला ही गोष्ट फुगवून सांगितलेली वाटायची. या महिन्यात मी आणि काका (आमच्या क्लबातले, वय ६३, ज्यांच्या भिंतीसारख्या ब्लॉकबद्दल मागे लिहिलंय) एक प्रयोग म्हणून फक्त पुश टु पुश खेळलो, अकरा मिनिटं एकच रॅली चालली आणि शेवटी माझा खांदा भरून आला म्हणून सुटली. आता मला ती मॅच पूर्ण पटते. तेव्हा नेट पावणेसात इंच उंच होतं, त्या प्रकारानंतर ते सहा इंचांवर आणलं आणि वेळेची मर्यादाही आली.

आता मुद्द्यावर येतो, मुंबई १९५२.

फेब्रुवारी १९५२, वर्ल्ड चॅम्पियनशिप पहिल्यांदा आशियात आली आणि ती आपल्या मुंबईत झाली. जपान पहिल्यांदाच खेळायला आलेला. त्यांच्या टीममध्ये हिरोजी सातो नावाचा चष्मेवाला बारीक माणूस, आणि त्याच्या हातात अशी बॅट की तिच्यावर पिंपल नाहीत, वर रबर नाही, नुसता जाड स्पंज. बॉल लागला की आवाजच नाही. युरोपातले आणि अमेरिकेतले मोठमोठे खेळाडू, ज्यांचं अख्खं टायमिंग वर्षानुवर्षं कानावर बसलेलं, ते समोर उभे आणि कळतच नाहीये की बॉल कधी लागला आणि किती जोरात लागला. बॉल त्या स्पंजात आत रुततो आणि मग सुटतो, त्यामुळे मारण्याचा झटका एक दिसतो आणि वेग वेगळाच येतो. सातोने फायनलमध्ये हंगेरीच्या कोचियानला हरवलं आणि वर्ल्ड चॅम्पियन झाला. जपानने त्याच वर्षी पुरुष डबल्स, महिला डबल्स आणि महिला टीमचा कॉर्बिलॉन कप पण नेला, पहिल्याच फटक्यात चार टायटल. महिला सिंगल्स मात्र रोमानियाच्या रोझेआनूकडेच राहिलं, ती १९५० ते ५५ सलग सहा वर्षं जिंकली, तिच्याबद्दल एकदा सावकाश लिहीन.

मुंबईत सातोशी हरलेल्यांमध्ये एक होता मार्टी रीझमन, न्यूयॉर्कचा, वय २२, हार्डबॅटचा जबरदस्त हिटर, १९४९ चं इंग्लिश ओपन जिंकलेला. याच्याबद्दल वाचायला मला सगळ्यात जास्त आवडतं. तो मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवेवरच्या लॉरेन्सच्या टीटी हॉलमध्ये वाढला, तिथे रात्र रात्र पैशावर मॅचेस चालायच्या, पैज लावायची, समोरच्याला पॉइंट द्यायचे आणि तरी जिंकायचं, कधी बसून खेळायचं. लोक बाहेर उभे राहून दुसऱ्यांच्या खेळावर पैसे लावतात, हा गडी स्वतःवर लावायचा, आणि खिशातले पैसे जाणार असतील तेव्हा हात थरथरला नाही पाहिजे हेच त्याचं ट्रेनिंग. मॅचच्या आधी तो नेटची उंची शंभर डॉलरच्या नोटेने मोजायचा, नोट उभी धरायची, कारण डॉलरची नोट १५.६ सेंटीमीटर लांब असते आणि नेट १५.२५. मी हे आपल्या पाचशेच्या नोटेने करून बघितलं, ती बरोबर १५ सेंटीमीटर आहे, नेटच्या वरच्या पांढऱ्या पट्टीपेक्षा अडीच मिलीमीटर खाली राहते. आता मी प्रत्येक वेळी टेबल लावलं की तसंच मोजतो. परवा एका टेबलाचं नेट मधे चक्क नोटेच्या खाली गेलेलं सापडलं, दोरी ढिली होती, लगेच ताणून घेतली. आमच्याकडे पैज चहा आणि वडापावच्या वर जात नाही आणि तेवढीच बरी.

रीझमनने हार्डबॅट सोडली नाही, आयुष्यभर. १९९७ मध्ये ६७ व्या वर्षी अमेरिकेची नॅशनल हार्डबॅट चॅम्पियनशिप जिंकला. २०१२ मध्ये गेला. मला हा माणूस फार मोठा वाटतो, कारण त्याला जो खेळ आवडत होता तो जगाने बदलला तरी त्याने तो खेळणं थांबवलं नाही.

तर हे सगळं वाचून वाटलं की दुसरी बाजू पण हातात धरून बघू, सातोची. बॅटचं जुनं लाकडी ब्लेड (रबर लावायची फळी) होतं, रबर काढून घासून घेतलं. पहिल्यांदा सोफ्याच्या कुशनवाल्याकडून फोम आणला, तो फुकट गेला, इतका मऊ की बॉल बॅटवर आपटून खालीच पडायचा. मग जरा घट्ट रबर स्पंजची ४ मिमीची शीट मिळाली, तिचे दोन थर एकावर एक, मधे आणि खाली फेव्हिबॉन्डचा पातळ हात, दहा मिनिटं सुकू दिलं, चिकटवलं आणि रात्रभर वर दोन जाडजूड दिवाळी अंक ठेवले. सकाळी कटरच्या नवीन पात्याने कडेने कापलं, एकाच झटक्यात कापा, थांबत थांबत कापलं की कड दातेरी होते. एकूण ८ मिमी. आजच्या नियमात ही बसत नाही अर्थात, १९५९ मध्ये नुसत्या स्पंजवर बंदी आली, वर रबर हवं आणि सगळं मिळून जास्तीत जास्त ४ मिमी, आणि स्पंज नसलेलं पिंपल २ मिमी. आपण सगळे आज जे सँडविच रबर वापरतो त्याची मर्यादा तिथे ठरली.

क्लबच्या कपाटात ३८ मिमीचे जुने सेल्युलॉइड बॉल सापडले, सहा होते, एक फुटलेला. फुटलेला नाकाशी धरला तर चक्क कापराचा वास, देवघरातला. सेल्युलॉइड बनवताना कापूर घालतात हे वाचलं होतं पण नाकाला पहिल्यांदा कळलं. २००० मध्ये बॉल ४० मिमीचा झाला आणि २०१४ पासून प्लास्टिक, त्यामुळे हल्लीच्या पोरांना हा वास माहीतच नाही.

रविवारी सकाळी टेस्ट केली. माझ्या हातात स्पंजची बॅट, काकांच्या हातात माझी हार्डबॅट, ३८ मिमीचा बॉल. पहिल्या गेमला काका ११-४ हरले. मी काही वेगळं करत नव्हतो, नुसता ब्लॉक आणि मधेच एखादा पुश. काका दोन वेळा बॉल येऊन गेल्यावर हलले, जे त्यांच्या बाबतीत कधी होत नाही. म्हणाले, "अरे तू मारतोयस का नाही तेच कळत नाही रे." मग त्यांनी स्वतःहून सुचवलं, कान बंद करून बघू. मेडिकलमधून कापूस आणला, दोन्ही कानात घातला आणि आम्ही परत खेळलो, या वेळी दोघंही हार्डबॅटने. तेव्हाही काका पहिले पाच पॉइंट सलग हरले, मग हळूहळू डोळ्यांवर आले, गेम ११-८ ला माझ्याकडे आला. एरवी हार्डबॅटवर मी त्यांच्याकडून तीनातले दोन गेम हरतो. एवढ्याशा प्रयोगावरून काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण मला १९५२ चा तो हॉल त्या दहा मिनिटांत जितका जवळ आला तितका कुठल्याही वाचनाने आला नव्हता.

एक गोष्ट मात्र स्पंजच्या बॅटविरुद्धच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गेममध्ये दिसली. काका शिकले. त्यांनी आवाजाकडे लक्ष देणं सोडलं, माझ्या कोपराकडे बघायला लागले आणि तिसरा गेम ११-९ असा जेमतेम मी वाचवला. वाचलंय की रीझमनने पण नंतर ओसाकाला सातोला हरवलं होतं, आणि सातो परत कधी वर्ल्ड चॅम्पियन झाला नाही. स्पंज मात्र राहिला, १९५४ ला जपानचाच ओगिमुरा स्पंज घेऊन आला आणि त्याने त्यावर अटॅकचा खेळ उभा केला, पुढचा सगळा खेळ त्या वाटेने गेला.

आणि आपल्याकडचं म्हणून अजून एक, त्याच १९५२ मध्ये सिंगापूरला पहिली आशियाई चॅम्पियनशिप झाली, तिथे आपली गुल नासिकवाला सिंगल्स जिंकली, शिवाय महिला आणि मिक्स्ड अशी दोन्ही डबल्स पण. तिचं नाव क्लबात दहा जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं. आता क्लबच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलंय.

पुढच्या महिन्याचं: बॅकहँड १०० पार, चॉपला गुडघे, आणि कानात कापूस घालून आठवड्याला एक सेशन, कारण डोळ्यांना पण काम पाहिजे. स्पंजच्या बॅटची एक कड सुटायला लागलीये, परत चिकटवायचीये, पण ती सध्या माझ्याकडे नाहीये, काका रविवारीच पिशवीत घालून घरी घेऊन गेलेत.