भाग ७ : भूत सापडलं, ग्राउंडमध्ये बसलं होतं

काल रात्री मारिओ वेळ संपून मेला, पण जागेवरून हलला नाही. परत स्टार्ट दाबलं, परत तसाच उभ्या उभ्या मेला. चाळीस मिनिटं हेच चाललं होतं. पॅड टीपॉयवर, मी हाताची घडी घालून समोर, आणि पडद्यावर तो ढिम्म. इतका आनंद मला पहिल्यांदा बाऊझरला हरवलं तेव्हाही झाला नव्हता.

नव्याने येणाऱ्यांसाठी: जुन्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमच्या खोक्यात रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर (पुढे नुसता ‘पाय’) बसवून तेच गेम जुन्या पॅडने खेळायचे, हा या मालिकेचा खटाटोप. भाग ६ मध्ये मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की पॅडचं काम संपलं, आता फक्त कॅसेटच्या खाचेचं उरलंय. लगेच दृष्ट लागली. दुसऱ्याच दिवशी खेळता खेळता मारिओ आपोआप उजवीकडे चालायला लागला. सुरुवातीची आठ-दहा मिनिटं सगळं ठीक, मग अधूनमधून एक झटका, मग सतत. पहिल्या खड्ड्याशी नेमकी उडी मारायला थांबावं, तर हा थेट आत. उजवीकडे दाबलं की मध्येच डावीकडे तोंड फिरवायचा. सिलेक्ट दाबलं तर बी चालायचं. गंमत म्हणजे ए बटण एकदाही चुकलं नाही.

पॅड खराब असेल म्हणून दुसरं लावलं (लहानपणी आम्ही याला रिमोट म्हणायचो, सवय जात नाही). तेच. पॅडची बटणं वाचून पायला कळवणारं छोटं बोर्ड म्हणजे प्रो मायक्रो, त्यातला कोड तीनदा वाचला. लॅच (बटणं टिपून घ्यायचा इशारा) आणि क्लॉक (ती एकेक करून मागवणारे ठोके) यांचे १२ मायक्रोसेकंद वाढवून ५० केले. तेच. मग बोर्ड काय वाचतंय ते दाखवणारा सिरियल मॉनिटर उघडून बसलो. कुठलंच बटण दाबलेलं नसताना आठही बिट (एका बटणाला एक) १ यायला हवेत. येत होतं ११११११११, ११११११११, ११११११११, आणि मध्येच १११११११०. शेवटचा शून्य. म्हणजे आठवं बटण, म्हणजे उजवीकडे.

हा शून्य येतो कुठून, यावर दोन रात्री गेल्या. पॅडच्या आत बसलाय ४०२१, आठ बटणं एकदम उचलून एकामागून एक बाहेर ढकलणारा शिफ्ट रजिस्टर. क्रम ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. ए लॅचबरोबरच दारात येऊन उभं राहतं, बाकीची सात क्लॉकच्या एकेका ठोक्यावर पुढे सरकतात. आता मध्येच एक ठोका जास्त पडला तर? त्यापुढची सगळी रांग एक घर पुढे सरकणार. सिलेक्टच्या जागी स्टार्ट, डावीकडच्या जागी उजवीकडे. आणि रांगेचं शेपूट रिकामं झालं की तिथे ४०२१ च्या ११ नंबरच्या पिनवर जे असेल ते येणार. पॅड उघडून मल्टिमीटरचा बीप लावून पाहिलं, ११ नंबर सरळ ग्राउंडला. ग्राउंड म्हणजे शून्य, शून्य म्हणजे दाबलेलं. जास्तीचा ठोका कुठेही पडो, शेवटी मारिओ उजवीकडेच पळणार. आणि ए का चुकत नाही तेही कळलं, त्याला ठोक्याची गरजच नाही. हे कागदावर उतरवलं तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता आणि सांगायला घरात कोणी जागं नव्हतं.

पण जास्तीचा ठोका मारतंय कोण? तारेवरचे ठोके पडद्यावर दाखवणारा लॉजिक अ‍ॅनलायझर लावला, आठ चॅनलवाला स्वस्तातला, पल्सव्ह्यू या सॉफ्टवेअरवर. प्रो मायक्रोच्या बाजूला क्लॉकचे ठोके मोजले, बरोबर. भूत चालू असतानाही बरोबर! इथे मी एक मूर्खपणा केला. गोंधळ असेल तर गाळून टाकू म्हणून क्लॉक आणि ग्राउंडच्या मध्ये १०४ चा (०.१ मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर टाकला. पॅड जवळजवळ मेलंच. असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. क्लॉकची कड सरळ उभी हवी, ती तिरकी केलीत तर चिप त्या उतारावर घुटमळते आणि एका ठोक्याचे दोन-तीन मोजते. कपॅसिटर काढला. दोनदा वाचून जुळलं तरच खरं मानायचं, असा सॉफ्टवेअरचा जुगाडही करून पाहिला. भूत कमी झालं, पण गेलं नाही. शिवाय असा जुगाड म्हणजे ओल धरलेल्या भिंतीवर रंग मारणं, म्हणून तोही काढला.

शेवटी आईने सोडवलं. ती पलीकडे शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "तो भुंगा सुरू झाला की लगेच तू बडबडायला लागतोस, तो काय आहे?"

भुंगा म्हणजे पंखा. पाय ४ साठ अंशांवर गेला की पंखा सुरू व्हावा असं मीच लावलंय, आणि साठ गाठायला त्याला आठ-दहा मिनिटं लागतात. पंख्याची वायर उपटली, भूत गायब. लावली, हजर. चार वेळा करून पाहिलं. तोवर आईच्या शेंगा संपल्या होत्या.

आता खोक्याच्या आत डोकावा. पंख्याला पाच व्होल्ट हवे होते, पॅडच्या पोर्टशी पाच व्होल्ट आणि ग्राउंड आयतेच होते, मी तिथूनच घेतले. म्हणजे पंखा आणि पॅड एकाच ग्राउंडच्या तारेवर. ती तार एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तांब्याची म्हणून आलेली रिबिन. ब्लेडने खरवडली तर आत पांढरी, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. सोल्डर धरायलाच तयार नाही, ढेकूळ होऊन बसतं. भिंगातून पाहिलं तर पोर्टच्या पिनेभोवती केसाएवढी गोल फट. पक्का ड्राय सोल्डर, म्हणजे जोड दिसतो पण धड चिकटलेला नाही. पायचं ग्राउंड आणि पॅडचं ग्राउंड यांच्यात मल्टिमीटर लावला. पंखा बंद असताना जवळजवळ शून्य, चालू असताना ०.४ व्होल्ट, तेही नाचत. मीटरला जे सरासरी ०.४ दिसतं, त्यात पंख्याच्या प्रत्येक झटक्याचे काटे किती उंच असतील ते समजून घ्या. अ‍ॅनलायझरचं ग्राउंड मी पायच्या बाजूला चिमटलं होतं म्हणून त्याला सगळं आलबेल दिसत होतं. चिमटा पॅडच्या ग्राउंडवर नेला आणि जास्तीचा ठोका पडद्यावर आला. स्क्रीनशॉट काढून फोनचा वॉलपेपर केलाय.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. रिबिन फेकली, पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून साधी तांब्याची वायर आणली (तिथे ब्लेड लावून बघू देतात, ऑनलाइन कोण देणार), पंख्याचं ग्राउंड वेगळ्या तारेने थेट पायच्या पिनेला दिलं. पॅडमध्ये ४०२१ च्या १६ आणि ८ नंबरच्या (वीज आणि ग्राउंडच्या) पिनांमध्ये १०४ टाकला. कपॅसिटरची खरी जागा ही. सोल्ड्रॉनची माझी २५ वॉटवाली सोल्डरिंग आयर्न पंधरा वर्षं झाली तरी झकास चालते. टेंपरेचर कंट्रोलवाली स्टेशनं घेणारे घेवोत.

त्या चाळीस मिनिटांत एक मस्त गोष्ट हाती लागली. वेळ संपायची वाट बघत होतोच, म्हणून घड्याळ लावलं. ४०० चा टायमर ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) २ मिनिटं ४० सेकंदांत संपतो. कोअरचा (पायवर गेम चालवणाऱ्या प्रोग्रामचा) रिजन डेंडी, म्हणजे ५० हर्ट्झच्या नकली खोक्यांसारखा, केला तर ३ मिनिटं १२ सेकंद. या खोक्यातला मूळचा बोर्ड आठवतोय ना, ज्यावर यूए६५२७पी (सीपीयू) आणि यूए६५३८ (चित्र काढणारी चिप) यांची जोडी होती? ती जोडी ५० हर्ट्झचीच. सीपीयूचा वेग एनटीएससीच्या (६० हर्ट्झवाल्या खोक्यांच्या) अगदी जवळ, म्हणून सूर फारसा उतरत नाही, पण चाल संथ. आमच्या घरी मारिओ असाच, पोट भरून शतपावलीला निघाल्यासारखा चालायचा. डेंडी कायम ठेवलंय. ६० हर्ट्झच खरा म्हणणाऱ्यांनी आपापल्या खोक्यात काय ते करावं.

हे लिहिता लिहिता दुसरंच डोक्यात आलं. पंखा हवाच कशाला? पाय ४ घेतला होता प्लेस्टेशन चालवायच्या हौसेने, आणि खोक्याला पॅडची बटणं आठ! आर-वन, एल-वन कुठून आणणार होतो, देव जाणे. ड्रॉवरमध्ये पायचाच छोटा भाऊ, झीरो २ डब्ल्यू, पडून आहे. चार कोअर, एक गिगाहर्ट्झ, मारिओ-कॉन्ट्राला उरून पुरेल, छोट्या हीटसिंकवर गप्प बसेल. त्याच्या पाठीवर काँपोझिटचा (जुन्या टीव्हीच्या चित्राच्या सिग्नलचा) टीव्ही नावाचा सोल्डर करायचा ठिपकाही आहे, म्हणजे माळ्यावरचा चौदा इंची सीआरटी (जुना जाडजूड टीव्ही) खाली आणता येईल आणि मागचं पिवळं आरसीए भोक पुन्हा खऱ्या कामाला लागेल. भाग ५ मध्ये एचडीएमआयसाठी खोक्यात कापलेलं भोक आता एमसील लावून बुजवावं लागणार. कापताना दोन तास गेले होते, असो.

रिसेट बटण पायच्या जीपीआयओ ३ या पिनवर टाकलं, दाबलं की बंद, परत दाबलं की चालू, पहिल्या फटक्यात झालं. पण त्यामुळे कॅसेटचा बेत बदलला. जुन्या कॅसेटमध्ये एनएफसीचा टॅग चिकटवायचा आणि खाचेखाली तो टॅग वाचणारा पीएन५३२ बसवायचा, कॅसेट खोचली की तो गेम सुरू. पीएन५३२ आय-टू-सीवर (पायला जोडायची एक पद्धत) लावणार होतो, आणि आय-टू-सीची क्लॉक नेमकी त्याच जीपीआयओ ३ वर. म्हणून मॉड्यूलवरचे दोन छोटे स्विच फिरवून एसपीआय, ही दुसरी पद्धत. अ‍ॅन्टेना खाचेच्या पत्र्यापासून किती लांब ठेवायची ते रविवारी कॅसेट हातात धरून बघतो.

आईला कॉन्ट्राचं दुसरं पॅड दिलंय. पाण्यात उतरते आणि बाहेरच येत नाही.